लग्नाची फुलं कशी ठरवलीत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

तलावपाळी

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. घोडबंदर रोडला हॉल घेतलाय, सकाळी मुहूर्त आणि संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. जेवण, पत्रिका, गुरुजी सगळं मार्गी लागलं, पण फुलांपाशी घोडं अडलंय. भाचीच्या मोबाइलमध्ये फिक्या गुलाबी स्टेजचे शंभर फोटो आहेत. ताईला झेंडूची तोरणं आणि मोगऱ्याच्या माळा हव्यात. भावजींचं एकच पालुपद, "संध्याकाळी कचऱ्यात जायचं त्याला एवढे पैसे?" आणि दोन्ही बाजूंनी फोन मला येतात, कारण मावशी रिकामीच असते असा सर्वांचा समज.

दरांची यादी नको, ते रोज बदलतात. तुम्ही काय मागितलंत, प्रत्यक्षात काय आलं, हॉलवाल्यांशी काय बोलणं झालं, ते लिहा.

येऊरची वाट

मोगऱ्याचं आधी ऐका. मोगरा उन्हाळ्याचा. मार्च ते जून तो धो धो येतो, जव्हार-विक्रमगडकडूनही येतो, तेव्हा वास आणि भाव दोन्ही छान. डिसेंबरात फारच कमी आणि महाग. आमच्या वेळी डेकोरेटर "हो, हो, मोगराच" म्हणाला आणि लग्नाच्या दिवशी आल्या त्या कागड्याच्या माळा. दिसायला मोगऱ्याचा चुलतभाऊ, कळ्या जरा लांबट, पण वास जवळजवळ नाहीच. माळ नाकाशी नेऊन आजी म्हणाली, "हा कोण?"

हिवाळ्यात कागडा घ्यायला काहीच हरकत नाही, माझ्या बहिणीने मुद्दाम तोच घेतला. फक्त मोगऱ्याचे पैसे देऊन नव्हे. ठरवताना फुलाचं नाव कागदावर लिहून घ्या.

पहाटेची लोकल

मी डेकोरेटर नाही, पण मामांचा जांभळी नाक्याला फुलांचा गाळा होता आणि कॉलेजची वर्षं त्यांच्याबरोबर दादरला माल आणण्यात गेली. तेव्हा जरा लांबण लावतो.

दादर पश्चिमेला मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या बाहेर रस्त्यावर भरणारा बाजार, हे सगळ्यांना माहीत असतं. ठाणेकरांना कल्याणचा बाजारही जवळ पडतो. झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी किलोवर. गुलाबाची गड्डी २० ची, जरबेऱ्याची १० ची. हे माप डोक्यात ठेवा, कारण कोटेशनमध्ये "गुलाब ५०० नग" आणि "गुलाब ५० गड्ड्या" दोन्ही सारखेच भारदस्त वाटतात आणि दुसऱ्यात फुलं दुप्पट असतात. "फुल डेकोरेशन" असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा. स्टेजची मागची बाजू किती फूट, त्यातली खरी फुलं किती, पानं किती, कापड किती, हे विचारलं की समोरचा माणूस सरळ बसतो.

आता भाचीचे फोटो. त्यातली निम्मी फुलं हायड्रेंजा आणि पिओनी असणार. पिओनी थंड मुलखातलं, आपल्याकडे आलंच तर विमानाने. फोटो दाखवून "असंच" म्हटलं की डेकोरेटर मान डोलावतो आणि कार्नेशन लावतो. कार्नेशन वाईट अजिबात नाही, गुलाबापेक्षा जास्त टिकतं. माझं म्हणणं एवढंच, की रंग तुम्ही सांगा आणि त्या आठवड्यात त्या रंगात चांगलं काय मिळतंय ते त्याला विचारा. फिक्या गुलाबीत कार्नेशन, गुलाब, जरबेरा हाताशी असतात. पांढऱ्याला थंडीत शेवंतीसारखं फूल नाही, गाडीभर येते.

साठवणीचं कुणी सांगत नाही. हॉलला खोली एकच असते, तिथेच ओटीचं सामान, केळ्यांचे घड आणि त्यावर फुलांची खोकी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात. बाजारात त्याला "फूल झोपलं" म्हणतात. मामांनी एकदा अशी झोपलेली अख्खी खोकी उघडली होती, त्यानंतर ते फळवाल्याच्या टेम्पोतसुद्धा माल टाकायचे नाहीत. दुसरं, उरलेली ऑर्किडं घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे साधारण ४ अंश असतं. गुलाबाला ते मानवतं, पण ऑर्किड गरम प्रदेशातलं, त्याच्यावर डाग पडतात.

करावे गाव

आमच्या आगरी लग्नात फुलांचा खरा मान हळदीला. स्टेज वगैरे नंतरचं. मांडवाला आंब्याचे टाळे आणि उंबराची डहाळी आधी, ती डेकोरेटर लावत नाही, घरची माणसं लावतात. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायला बसली की तिलाही वेणी द्यायची, हे आमच्या घरी कुणी विसरलेलं चालत नाही.

माझ्या पुतणीला हळदीला फुलांचे दागिने हवे होते. बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, सगळं. दोन प्रकार मिळतात, खऱ्या फुलांचे आणि कापडी-कागदी. खऱ्यांत निशिगंधाच्या कळ्या आणि मध्ये छोटा लाल गुलाब, असा सेट घेतला. लहान कळ्याच घ्यायच्या, उमललेलं फूल हळद लागली की चिकट होऊन लोंबतं. कानातले मात्र कापडीच घेतले, कारण ओल्या फुलांचं वजन कानाला ओढतं आणि रात्रभर नाचायचं असतं. मोठी काकू स्टेजचा नकाशा बघून म्हणाली, "फुलं थोडी कमी करा, नाचायला जागा ठेवा." स्टेज चार फूट मागे गेलं.

खारघर सेक्टर

मुलीचा बाप म्हणून लिहितो, भावजींच्या बाजूने. आमचा हॉल दोन शिफ्टचा होता, सकाळचं लग्न आमचं आणि संध्याकाळी दुसऱ्या कुटुंबाचं रिसेप्शन. हॉलच्या ऑफिसात सहज विचारलं, संध्याकाळी कोण आहे? नंबर मिळाला. त्यांनाही पांढरा-पिवळाच हवा होता. स्टेजची मागची भिंत आणि प्रवेशद्वार दोघांनी मिळून केलं, खर्च निम्मा-निम्मा. त्यांनी दुपारी नावाची पाटी आणि पुढचे गुच्छ बदलले. त्यांचे पाहुणे येईपर्यंत शेवंती टवटवीत होती, गुलाबांच्या कडा काळवंडल्या होत्या, तेवढेच काढले.

तुमचं दोन्ही वेळेला तुमचंच आहे, म्हणजे आणखी सोपं. फक्त संध्याकाळी दुसरं स्टेज करून देतो म्हणणाऱ्याला "का?" विचारा.

आणखी एक. बऱ्याच हॉलमध्ये त्यांचाच डेकोरेटर घ्यावा लागतो, बाहेरचा आणला तर त्याच्याकडून रॉयल्टी घेतात. ती शेवटी तुमच्याच बिलात येते. हॉलची पावती फाडायच्या आधी विचारायची गोष्ट आहे, पण अजूनही घासाघीस होते.

नौपाडा

दारात गजऱ्यांचं तबक घेऊन दोन मुली उभ्या असतात, त्याबद्दल. वडील गेल्यानंतरच्या एका लग्नात आईपुढे आलेलं तबक त्या मुलीने पटकन बाजूला घेतलं. पोरीला कुणीतरी सांगून ठेवलं असणार. आई हसून पुढे गेली, पण नंतर जेवली नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही ते तबक आईच्याच हाती दिलं आणि तिच्या जावेने पहिला गजरा तिच्या अंबाड्यात माळला. दोन-तीन भुवया उंचावल्या. गजरे मात्र तासाभरात संपले, दुसरी पिशवी मागवली.

फुलांच्या यादीत तबकावर कोण उभं राहणार आणि त्यांना काय सांगायचं, हेही लिहा.

पांढरा बुके

आमचं लग्न ठाण्यातल्या चर्चमध्ये झालं, सासर वसईचं. उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत आणि तेव्हा लग्नंही सहसा लावत नाहीत, म्हणून ईस्टर झाला की सगळ्यांची एकदम झुंबड. आमच्या दिवशी आणखी एक लग्न होतं. फादरांनीच सुचवलं की वेदीची फुलं दोघींनी मिळून करा, खारघरच्या काकांसारखंच.

सासूबाईंच्या दारात सोनचाफा. वसईचा चाफा दादरला जातो, तर सुनेच्या बुकेत का नको? फ्लोरिस्ट म्हणाला, देठ आखूड आहे, तारेवर चढवावा लागेल आणि दुपारपर्यंत पाकळ्या तपकिरी पडतील. दोघांचंही खरं होतं. शेवटी पांढऱ्या गुलाबांत मधोमध तीन चाफे, सकाळी चर्चमध्ये जाताना खोचलेले. फोटो होईपर्यंत टिकले, नंतर काढून टाकले. लग्नातलं दुसरं काही आठवलं नाही तरी तो वास आठवतो.

पैठणीवाली

हार! कुणीच हारांबद्दल बोललं नाही. फूलवाला देताना सवयीने पाणी शिंपडतो. ताजे दिसावेत म्हणून ते ठीक, पण ओला निशिगंधाचा हार पैठणीवर अर्धा तास बसला की जर आणि रेशमावर डाग पडतो. "कोरडे द्या" असं स्पष्ट सांगा, ओल्या सुती कापडात गुंडाळून आणा, अंतरपाट धरायच्या आधी झटकून घ्या. आणि वजन बघा. जाडजूड हाराने नवरीची मुंडावळी कानामागून ओढली जाते, सगळ्या फोटोंत एक बाजू वर, एक खाली.

बेलापूर ७.४२

एसी हॉल, दारं बंद, स्टेजभर निशिगंध आणि पहिल्या रांगेत दम्याची आजी. तिला मंगलाष्टकांच्या मध्येच बाहेर न्यावं लागलं. घरात कुणाला त्रास असेल तर वासाची फुलं दारापाशी, स्टेजवर बिनवासाची.

कागदी फूल

सगळं वाचलं. आम्ही सरळ कापडी फुलं भाड्याने घेतली. ना झोपली, ना काळवंडली. चार फुटांवरून कुणाला कळत नाही.

येऊरची वाट

कळतं. मुलं जाऊन ओढतात तेव्हा तर कळतंच.

पहाटेची लोकल

भाड्याची फुलं पुन्हा वापरली जातात हे बरंच. पण धूळ झटकलेली आहे का ते बघून घ्या. आणि खरी फुलं घेणाऱ्यांनीही फार पावित्र्य मिरवू नये, गुच्छाखालचा तो हिरवा ओॲसिस, म्हणजे देठ खोचायचा स्पंज, प्लॅस्टिकच असतो, कुजत नाही. जाळीत किंवा पाण्याच्या भांड्यात रचून द्या म्हटलं तर चांगले लोक देतात. नावांची थर्माकोलची अक्षरंही नकोत, २०१८ पासून राज्यात त्या सजावटीवर बंदी आहे, तरी यादीत हळूच येतात.

तलावपाळी ताई, वार कोणता?

तलावपाळी

शुक्रवार. आणि सर्वांचे आभार. ताईला कागड्याचं सांगितलं, ती म्हणते वेण्या शेवंतीच्या करू. भाचीने फोटो अजून सोडलेले नाहीत.

पहाटेची लोकल

शुक्रवार म्हणजे आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीच्या पूजेसाठी बुधवारपासूनच शेवंती आणि वेण्यांवर उड्या पडतात. डेकोरेटरला सांगा, शेवंती मंगळवारीच उचल, पाण्यात उभी ठेव, ती दोन-तीन दिवस आरामात राहते. तोरणाचा झेंडू गुरुवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर. गुलाब शुक्रवारी पहाटेचाच. आणि वेण्यांची ऑर्डर आत्ताच देऊन ठेवा, त्या आठवड्यात वेणी करणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते.