सल्ला हवा: वस्तू पुन्हा वापरायच्या म्हणून साठवल्या, पण कचरा तेवढाच

पाऊलवाट
घरातला कचरा कमी करायचा म्हणून वर्षभरापासून वस्तू टाकून देणं बंद केलंय. काचेच्या बरण्या, प्लास्टिकचे डबे, जुने टी-शर्ट, पुठ्ठ्याची खोकी, सगळं 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलं. आता एक अख्खं कपाट भरलंय आणि कचऱ्याची बादली मात्र पूर्वीइतकीच भरते. रोजच्या धबडग्यात टिकलेले उपाय सांगाल का? शोभेच्या वस्तू नकोत.

निळाई
आधी आठवडाभर बादलीत काय काय जातं ते बघा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त देठं, सालं, उरलंसुरलं निघालं. बरण्या कितीही साठवल्या असत्या तरी ते कमी झालं नसतं!

खत सुरू करा. झाकणाची जुनी बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. ओंजळभर ओलं टाकलं की वर दोन-तीन ओंजळी सुकं: वाळलेली पानं, बारीक फाडलेला पुठ्ठा. तुमची खोकी इथेच संपतील. चिकटपट्टी तेवढी काढा, आणि प्लास्टिकचा चकचकीत थर असलेला पुठ्ठा वगळा. दुकानातल्या गुळगुळीत पावत्याही नकोत, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. घाण वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालंय आणि आत हवा खेळत नाहीये. सुकं घालून ढवळायचं.

पाऊलवाट
गॅलरी अगदी लहान आहे. चिलटं होतील का?

निळाई
ओलं उघडं राहिलं तर होतात. दर वेळी वरचा थर सुक्याचाच ठेवा.

दोरा
मी कापडाचं सांगते. सुती टी-शर्टचे हातरुमालाएवढे तुकडे करून ओट्याजवळ डब्यात ठेवले, तेव्हापासून आमच्याकडे कागदी रोल आलेला नाही. शिवण घालायचीही गरज नाही, टी-शर्टचं कापड विणीचं असल्यामुळे सहसा उसवत नाही. पॉलिस्टर पाणी नीट टिपत नाही, ते धूळ पुसायला ठेवा.

आणि कृपा करून पर्यावरणाच्या नावाखाली नव्या कापडी पिशव्या घेऊ नका. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये हिशोब मांडला होता: प्लास्टिकची पातळ पिशवी एकदाच वापरून टाकली असं धरलं, तरी तापमानवाढीच्या बाबतीत तिची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. घरात आहेत त्याच झिजेपर्यंत वापरा, नाहीतर जुन्या चादरीच्या शिवा.

मृद्गंध
डब्यांबद्दल कळकळीने लिहितो आहे. तळाशी त्रिकोणात १ आकडा असेल तर ते पेट प्लास्टिक. त्यात गरम काही भरू नका. ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ते त्यापेक्षा जास्त उष्णता सोसतं. तडे गेलेले, ओरखडे पडलेले डबे खाण्यासाठी अजिबात नकोत. खिळे, बटणं, बिया ठेवायला चालतील.

पाण्याच्या जुन्या बाटलीत सफाईचं द्रावण कधीही भरू नका, वर चिठ्ठी लावली तरी. आमच्या घरातल्या लहानग्याने अशी बाटली तोंडाला लावता लावता मी ती हिसकावून घेतली आहे. त्या दिवसापासून सफाईची द्रावणं मूळ बाटलीतच राहतात.

बरण्या एकाच तोंडाच्या ठेवा, म्हणजे झाकणं अदलाबदल करता येतात. लेबलचा चिकटपणा तेल आणि खाण्याचा सोडा चोळला की जातो. गार बरणीत एकदम उकळतं ओतू नका, तडकते.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी कपाट रिकामं केलं. एका मापाच्या आठ बरण्या ठेवल्या, बाकीच्या काचेच्या भंगारात देते आहे. टी-शर्ट कापून झाले, आता पुठ्ठा फाडते आहे. बादलीला भोकं पाडायला तापवलेला खिळा चालेल का?

निळाई
चालेल, पण वितळणाऱ्या प्लास्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका, उघड्यावर करा. ड्रिल मिळालं तर ते जास्त बरं. खाली जुनं ताट ठेवायला विसरू नका, पाणी झिरपतं.