आवाजावरून पटलेली ओळख

‘अंध पीडितेने आरोपीला पाहिलेच नाही, तर साक्ष टिकणार कशी?’ हा प्रश्न नागपुरात आम्हा वकिलांमध्येही वारंवार निघतो. आंध्र प्रदेशातील एका अंध तरुणीच्या खटल्यात आरोपी घरी येणारा-जाणारा असल्याने तिने आवाजावरून पटवलेली ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ग्राह्य धरली आणि केवळ अपंगत्वामुळे साक्ष दुय्यम ठरत नाही, असे स्पष्ट केले. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष कायद्याने तोंडी पुरावाच मानली जाते; मात्र त्यासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक घ्यावा लागतो आणि चित्रीकरणही करावे लागते. घरातलाच माणूस दुभाषा म्हणून उभा केला, की बचाव पक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो.