मदत हवी आहे: टायटॅनियम अल्युमिनाइडमध्ये कार्बाइड दिसतच नाहीत, सोमवारी प्रेझेंटेशन

अडकलेला_खानापूरकर: टायटॅनियम-अल्युमिनियमच्या मिश्रधातूत 0.5 कार्बन घातलाय, त्याचे कार्बाइड (धातू-कार्बनचे कडक कण) धरावेत म्हणून. 1250 अंशांना सोल्यूशन (कार्बन विरघळवायला तापवणं), मग 800 ला 24 तास एजिंग (कण धरायला तापवत ठेवणं). कडकपणा एजिंगआधी होता तिथंच. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कार्बाइडचा पत्ता नाही. गाईड म्हणतात, चित्र दाखव. लवकर सांगा, प्लीज.

कट्ट्यावरचा_मास्तर: 0.5 काय? टक्के वजनानं की अणूंच्या संख्येनं? आणि बाकी मिश्रधातूत काय आहे?

उद्यमबाग_फौंड्री: बाळा, कार्बाइड दिसत नाहीत म्हणून कोण रडूलाय! आमच्याकडं पातळ कास्टिंगात आले की मशीनवाला टूल घेऊन दारात उभा. सिलिकॉन वाढव, इनॉक्युलंट (रसात टाकायची भुकटी) टाक, सगळे जातील.

अडकलेला_खानापूरकर: काका, ते बिडाचं. मला घालवायचे नाहीत, आणायचे आहेत.
मास्तर, अणूंनीच की. 45 अल्युमिनियम, 5 नायोबियम.

कट्ट्यावरचा_मास्तर: 'की' काय? वजनानं 0.5 म्हणजे अणूंनी 1.7 च्या आसपास, तिप्पट फरक. असो. तुझ्या मिश्रधातूत गॅमा आणि अल्फा-दोन असे वेगवेगळ्या अणुरचनेचे दोन भाग आहेत. गॅमात कार्बन जेमतेम मावतो, अल्फा-दोन मात्र भरपूर गिळतो, कारण त्यात चोहोबाजूंनी सहा टायटॅनियम अणू असलेल्या जागा असतात. तुझा बराचसा कार्बन तिथं जाऊन बसला असणार.

भट्टीवाला_निपाणी: एवढा काथ्याकूट कशाला? 1000 ला दोन दिवस ठेव. दिसलेच पाहिजेत.

कट्ट्यावरचा_मास्तर: दिसले तर एच जातीचे कार्बाइड, कणसीमेवर (धातूच्या स्फटिककणांच्या हद्दीवर) जाड ढेकळं. कडकपणा वाढतो तो पी जातीच्या बारीक सुयांनी. त्या गॅमाच्या आत, डिसलोकेशनवर (अणूंच्या रांगांतल्या दोषांवर) धरतात. फार तापवलं की त्यांच्याच जागी ही ढेकळं येतात.

भट्टीवाला_निपाणी: अहो, पोराला सोमवारी चित्र हवंय, टर्बाइनचं पातं नव्हे!

कट्ट्यावरचा_मास्तर: आणि कडकपणा का वाढला नाही विचारलं, तर तुम्ही येणार उत्तर द्यायला?

शहापूरची_सुगरण: कार्बाइडवर बंदी आहे ना? आंबे गवताच्या अढीतच पिकवावेत. बाजारातला पिवळाधमक हापूस घेऊच नका.

अडकलेला_खानापूरकर: ताई 🙏 धागा चुकला.

कट्ट्यावरचा_मास्तर: 1250 वरून थंड कसं केलंस?

अडकलेला_खानापूरकर: नेहमीसारखं. भट्टी बंद केली, सकाळी काढलं. शेवटची गाडी गाठायची होती.

कट्ट्यावरचा_मास्तर: हे आधी सांगायचं! रात्रभर सावकाश उतरताना कार्बनला अल्फा-दोनमध्ये शिरायला नाहीतर जाड कण धरायला हवा तेवढा वेळ मिळाला. एजिंगला उरलं काय? लहान, पातळ तुकडा काप, पुन्हा 1250, बाहेर काढून लगेच गार कर, मग 800. मोठा ठोकळा पाण्यात टाकू नकोस, तडकेल. आणि सुया काही नॅनोमीटर जाडीच्या, तुझ्या एसईएमला दिसायच्या नाहीत. टीईएम (आरपार बघणारा, जास्त ताकदीचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागेल, बेंगळूरुला विचार.

अडकलेला_खानापूरकर: सोमवारपर्यंत टीईएम कुठलं मिळतंय सर.

कट्ट्यावरचा_मास्तर: मग चित्राचा नाद सोड. जुना आणि नवा, दोन्ही तुकड्यांचा कडकपणा एजिंगच्या दर दोन तासांनी मोज, आलेख दाखव.

उद्यमबाग_फौंड्री: तुकडा कापायला ये आमच्याकडं. कटर आहे. पण टायटॅनियम गरम होतंय, पाणी सोडत सावकाश कापायला पाहिजे. जेवून ये, दुपारी करंट जातोय.

अडकलेला_खानापूरकर: येतो काका. कितव्या क्रॉसला?