फ्लाइट सिम्युलेटरसाठी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू की बदलू?

विमानवेडा

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० उडवतोय, जवळजवळ रोज रात्री एक तरी उड्डाण. मशीन असं आहे: रायझन ५ ३६०० आणि त्याच्यासोबत आलेलाच कूलर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६०, मॉनिटर १०८०पी ६० हर्ट्झ.

३५,००० फुटांवर काही तक्रार नाही. घोडं अडतं ते शेवटच्या दहा मैलांत. काल रात्री न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाच्या २२ लेफ्ट धावपट्टीवर ए३२० उतरवत होतो. ५०० फुटांखाली फ्रेम सेकंदाला २६-२७ वर आल्या. तेवढं चालवून घेतलं असतं, पण दर दोन-तीन सेकंदांनी चित्राला हिसका बसत होता. फ्लेअरसाठी (टेकण्याआधी नाक वर उचलायला) स्टिक मागे घेतली आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. पुढची फ्रेम आली तोवर चाकं आपटली होती. दोन तास नीट सांभाळलेलं उड्डाण असं संपलं की फार वाईट वाटतं.

ग्राफिक्स हायवरून मीडियमवर आणून पाहिले, काडीचा फरक नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम ४०% दिसतो, म्हणजे तो मोकळाच आहे ना? ३६०० ला मल्टिप्लायरचं (गती ठरवणाऱ्या गुणकाचं) कुलूप नाही, तेव्हा ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या गतीच्या वर, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत रेटून पाहू का? की सरळ प्रोसेसर बदलू?

क्रॉसविंड

हाच प्रोसेसर, हाच त्रास आणि हाच विचार, तिन्हींतून मी गेलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ४०% डोक्यातून काढा. ३६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. त्यातला एकच थ्रेड पूर्ण भरला तर टास्क मॅनेजरच्या हिशेबात तो ८% होतो. सिम्युलेटरचं बरंचसं काम एका मुख्य थ्रेडवर रांगेत चालतं. तो संपल्याशिवाय पुढची फ्रेम निघत नाही, बाकीचे कोअर मोकळे बसलेले असले तरी. खात्री करायची तर सेटिंगमधून डेव्हलपर मोड चालू करा आणि फ्रेमचा तक्ता उघडा. तिथे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसलं तर ग्राफिक्स मीडियमवर आणून फरक का पडला नाही ते कळेल. ढग आणि सावल्यांचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती दाखवायचा ते), विमानतळावरची रहदारी आणि कॉकपिटच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट, या तीन गोष्टी प्रोसेसरला जड जातात. टेरेन २०० वर असेल तर १०० वर आणा, गर्दीच्या विमानतळावर लगेच जाणवेल.

आता ओव्हरक्लॉक. मी १.३ व्होल्टवर सगळे कोअर ४.२ ला बांधले होते. दोन आठवडे रात्रीच्या रात्री त्यात घातल्या. त्याच जेएफकेवर ३१ च्या ३२ फ्रेम झाल्या. एक फ्रेम! कारण ३६०० स्वतःहूनच हलक्या भारात ४.१-४.२ पर्यंत जातो, तिथे आपण भर घालायला जागाच उरलेली नसते.

पण खरं कारण याहून खोल आहे आणि ते समजलं तेव्हा माझा सगळा दृष्टिकोनच बदलला. सिम्युलेटरला लागणारी माहिती प्रचंड आणि विखुरलेली असते: जमीन, इमारती, रहदारी, विमानाच्या यंत्रणा. ती प्रोसेसरच्या कॅशमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावली नाही की रॅमकडे जावं लागतं आणि त्या फेरीला साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्झवर ७० नॅनोसेकंद म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे २८० ठोके, आणि तेवढा वेळ कोअर नुसता वाट पाहतो. तुम्ही घड्याळ ४.२ वर नेलं तर २९४ ठोके वाट पाहील. रॅम काही त्यामुळे लवकर येत नाही.

३६०० च्या खोक्यावर ३२ एमबी एल३ कॅश लिहिलेली असते, पण ती १६-१६ अशी दोन गटांत विभागलेली आहे, तीन-तीन कोअरच्या. मुख्य थ्रेड ज्या गटात असेल त्याच्या वाट्याला १६. एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला त्यात चिपवर आणखी ६४ एमबीचा थर रचलाय. एकूण ९६, आणि आठही कोअरना सगळीच्या सगळी उपलब्ध. त्याची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या ३६०० पेक्षा फार पुढे नाही, तरी सिम्युलेटरमध्ये तो कितीतरी पुढे जातो. जानेवारी २०२४ चा ५७००एक्स३डी त्याचाच धाकटा भाऊ: गती ४.१, कॅश तेवढीच. दोन्ही एएम४ सॉकेटचे, तुमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्यांची सोय असेल तर बोर्ड आणि रॅम तीच राहील. या दोघांचा मल्टिप्लायर मात्र बंद आहे, त्यामुळे ओव्हरक्लॉकचा प्रश्न तिथेच मिटतो.

तुमच्या जागी मी असतो तर ३६०० ला हातही लावला नसता. पैसे आणि रात्री, दोन्ही कॅशसाठी राखून ठेवा.

लांबधावपट्टी

क्रॉसविंड यांचं ३६०० बद्दलचं म्हणणं मान्य, पण ओव्हरक्लॉक सरसकट मोडीत काढू नका. माझा आय७-८७००के सगळ्या कोअरवर मुळात ४.३ ला चालायचा, तो मी ५.० वर नेला. एक्स-प्लेन ११ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये २८ च्या जागी ३२ फ्रेम मिळाल्या. चिपमध्ये किती जागा शिल्लक आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं.

किंमतही सांगतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि गतीच्या प्रमाणात वाढते. १.२० चे १.३५ व्होल्ट आणि ४.३ चे ५.० गिगाहर्ट्झ केले की हिशेबाने जवळजवळ दीडपट वीज आणि तेवढीच उष्णता. २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लावावा लागला. आणि स्ट्रेस टेस्ट तासभर पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. माझं मशीन अटलांटिकवर चौथ्या तासाला बंद पडलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर आठवडाभर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी साचत होत्या. ४.९ वर आणलं, तेव्हापासून एकही नोंद नाही.

सोबत आलेल्या कूलरवर यातलं काहीही करू नका.

शून्यफ्लॅप

एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. रॅम कितीवर चाललीय? टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे वेग दिसतो. रायझनमध्ये चिपच्या आतला दुवाही रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, त्यामुळे रॅम हळू तर सगळंच हळू.

विमानवेडा

शून्यफ्लॅप, तुमचे मनापासून आभार! पट्ट्या ३२०० च्या आहेत आणि चालत होत्या २१३३ वर. तीन वर्षं! बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, एवढंच. टेरेनही १०० वर आणलं. त्याच २२ लेफ्टवर आता ३१-३२ मिळतात आणि हिसके निम्म्याने कमी झालेत. डेव्हलपर मोडमध्ये ‘मेनथ्रेड’च लाल दिसतंय, क्रॉसविंड म्हणाले तसं. ५७००एक्स३डी घ्यायचं ठरवलंय. बसवताना काय सांभाळू?

क्रॉसविंड

बायोस आधी अपडेट करा, जुना ३६०० बोर्डावर असतानाच. नाहीतर नव्या चिपवर मशीन सुरूच होणार नाही. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

कूलर काढण्यापूर्वी पंधरा मिनिटं एखादं उड्डाण करा, कूलरखालची पेस्ट गरम होऊन मऊ होऊ दे. मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर एएम४ मध्ये लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. पिना प्रोसेसरला असतात, आणि वाकतात. माझ्या दोन वाकल्या होत्या. त्या सरळ करताना हात किती थरथरत होता ते आजही आठवतं. या चिपसोबत कूलर येत नाही, १२० मिलिमीटरचा चांगला टॉवर कूलर पुरेल.

विमानवेडा

तीन आठवड्यांनी परत आलोय. तुम्ही सांगितलंत तसं कूलर गरम करून, फिरवून काढला. पिना शाबूत.

तेच विमान, तीच दुपारची वेळ, हवामान ‘क्लिअर स्काइज’वर ठेवून २२ लेफ्ट: ४३ ते ४५ फ्रेम. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) लावून ३० वर बांधलं, आणि आता प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंदांवर येते, जमिनीला टेकेपर्यंत. पूर्वी कधी २५, कधी ९० असायचं. ४५ मोकळे सोडण्यापेक्षा हे बांधलेले ३० मला उतरताना जास्त भावतात, कारण स्टिक हलवली की विमान कधी प्रतिसाद देणार ते हाताला आधीच ठाऊक असतं.

काल पहिल्यांदाच ५० फुटांपासून खालपर्यंत धावपट्टी सलग जवळ येताना पाहिली. स्पर्श १२० फूट प्रतिमिनिटाने झाला. आता ढग अल्ट्रावर ठेवले की तक्त्यात ‘लिमिटेड बाय जीपीयू’ येतं, म्हणून ते हायवर आणलेत. ग्राफिक्स कार्डाचं पुढच्या वर्षी बघू.