मॅनेजरची जागा निघाली, तर आधी कारखान्यातल्याच माणसाला विचारायचं की नाही?

हिंगणा_पहिलीपाळी
आमच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजरची जागा निघाली. चौदा वर्षं पाळी सांभाळणारा सुपरवायझर हाताशी असताना त्याला कोणी विचारलंही नाही. पुण्याहून माणूस आणला. आता मे महिन्यात कोणतं मशीन तापून बंद पडतं, हे तोच सुपरवायझर नव्या साहेबांना शिकवून राहिला आहे. बाहेर जाहिरात देण्याआधी आतल्यांची मुलाखत झालीच पाहिजे. चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये लागले आणि २००९ मध्ये तिथलेच सीईओ झाले.

बुटीबोरी_एचआर
भाऊ, मी दुसरी बाजू रोज पाहतो. उत्तम फिटरला फोरमन केलं. हातचा फिटर गेला आणि फोरमनही धड मिळाला नाही. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांची गैरहजेरी मांडायला हात धजत नाही. शिवाय एकाला वर घेतलं की खालच्या दोन-तीन जागा हलतात, त्या भरायच्या कोणी? इन्फोसिसने २०१८ मध्ये सलील पारेख बाहेरूनच आणले, आणि पुढे त्यांनाच मुदत वाढवून दिली.

हिंगणा_पहिलीपाळी
अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या मॅथ्यू बिडवेल यांचा २०११ चा अभ्यास पाहा. बाहेरून घेतलेल्यांना सुमारे १८ टक्के जास्त पगार, आणि पहिली दोन वर्षं कामाचा शेरा मात्र आतून बढती मिळालेल्यांपेक्षा खालचा.

बुटीबोरी_एचआर
तो अभ्यास अमेरिकेतल्या गुंतवणूक बँकिंगचा आहे, आपल्या लेथ-मिलिंगचा नाही. आणि त्यातलंच पुढचंही सांगा: बाहेरचे शिक्षण-अनुभवात वरचढ होते, आणि जे टिकले ते पुढे लवकर वर चढले.

सावनेर_खाण
राजेहो, आमच्या वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत पाहा. माझे वडील लोडर म्हणून लागले आणि मायनिंग सरदार, म्हणजे खाणीतल्या कामगारांवर आणि सुरक्षिततेवर देखरेख करणारा, होऊन निवृत्त झाले. सरदार असो, त्याच्या वरचा ओव्हरमन असो की मॅनेजर, प्रत्येक पायरीला खाण सुरक्षा महानिदेशालयाचं प्रमाणपत्र लागतं. नुसती वर्षं मोजून कोणी शंभर माणसं खाली नेत नाही, तिथं जिवाचा प्रश्न असतो. वडील रात्रपाळी करून कंदिलाएवढ्या दिव्यात अभ्यासाला बसत. वर जायचा रस्ता आहे हे माहीत होतं, म्हणून बसत. तुमच्या सुपरवायझरला काय शिकलं म्हणजे मॅनेजर होता येईल, हे कधी कोणी सांगितलं काय?

हिंगणा_पहिलीपाळी
नाही. परीक्षा ठेवा, तो देईल. नापास झाला तर बाहेरचा आणा, माझी हरकत नाही. पण जागा रिकामी आहे हेच त्याला गेटबाहेरच्या चहाटपरीवर कळलं.

बुटीबोरी_एचआर
हे चुकलंच. नोटीस आधी आत लागायला हवी होती. तरी निवड मात्र खुलीच ठेवावी, यावर मी ठाम आहे.