वर्गात श्वासावर लक्ष द्यायला बसवलं की लेकरं पेंगतात नाहीतर हसतात. काय बदलावं?

गोदाकाठ: परभणी जिल्हा, जिल्हा परिषदेची शाळा. तिसरी-चौथी एकाच खोलीत, पट ३४. खिचडीनंतर १० मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष, असं रोज चालू केलंय. पुढची रांग पेंगते, मागची चिमटे काढून फिदीफिदी हसते. वेळ बदलू, पद्धत बदलू की सोडून देऊ?

खडूफळा: सोडू नका सर, पण खिचडीनंतर पेंगणारच. परिपाठ संपला की हजेरीच्या आधी घ्या. आणि या वयाला एकदम १० मिनिटं फार झाली. पहिल्या आठवड्यात १ मिनिट, मग दर आठवड्याला अर्धं मिनिट वाढवा, ४ वर थांबा.

सुरुवात आवाजानं करा. पितळी ताट दोरीनं टांगायचं, चमच्यानं एकच ठोका, आवाज पूर्ण विरला असं ज्याला वाटेल त्यानं बोट वर करायचं. ताट हातात धरलं तर आवाज लगेच मरतो. शाळेची घंटा मात्र नको, ती वाजली की हात दप्तराकडं जातो.

श्वास दुसऱ्या आठवड्यात. तळहात पोटावर, "हात वर येतोय का खाली जातोय, नुसतं बघा." थंडीत निम्म्या वर्गाला सर्दी असते, नाकाशी हवा कळत नाही, म्हणून पोट बरं. डोळे मिटायची सक्ती नको. समोर हातभर अंतरावर सतरंजीच्या पट्टीवर नजर पुरते. चिमट्यांचं म्हणाल तर तिसरीचं एक, चौथीचं एक असं बसवा, गुडघ्याला गुडघा लागू देऊ नका.

बालाघाटी: थोडा फरक सांगतो. शासनाच्या 'मित्र उपक्रमा'त आनापान, म्हणजे आत-बाहेर जाणारा श्वास बघण्याचा सराव, आहे. त्यात जसा येईल तसा श्वास नाकाशीच बघायचा, मोजायचा नाही, कुठलाही शब्द जपायचा नाही. शाळा भरताना आणि सुटताना १०-१० मिनिटं. तुमच्याकडं तो चालू असेल तर ताट-पोट मध्ये आणू नका, दोन्हींची खिचडी होते.

खडूफळा: बरोबर. एक काहीतरी धरा, वर्षभर तेच चालवा.

निंबोणी: गोंगाट झाला म्हणून "बसा आता श्वास बघत" असं कधीच नको, मग ती शिक्षाच होते. आईबाप ऊसतोडीला गेलेली लेकरं आजीजवळ राहतात. शांत बसलं की एखाद्याला भरून येतं. त्याला डोळे उघडू द्या, तळवे जमिनीवर दाबायला सांगा, दिसणाऱ्या पाच वस्तू मनात मोजू द्या. सगळ्यांसमोर "काय झालं?" विचारायचं नाही.

पालकांना मार्क वाढतील असंही सांगू नका. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,०००हून अधिक मुलांवर अशा सरावाचा मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या शाळांपेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही फरक दिसला नाही; बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. ती मुलं तुमच्यापेक्षा मोठी, ११ वर्षांपुढची, हेही खरं. तरी अपेक्षा बेताचीच ठेवा.

गोदाकाठ: ताट टांगायला खिळा आहे. पण मार्चपासून पत्रे तापतात, तेव्हा?

खडूफळा: तेव्हा खोलीत बसवूच नका. लिंबाखाली संथ चालवा: टाच, तळवा, बोटं, एकामागून एक टेकतात ते बघत. चपला काढायच्या नाहीत, काटे असतात.