मदत हवी आहे: गुडघेदुखीमुळे जेवणानंतर चालता येत नाही, पर्याय काय?

आईचं (वय ५८) एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ६.१ आलंय, म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी. बीपी, थायरॉइड नाही, कुठलीही गोळी चालू नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितलीय, तोवर आहार आणि जेवणानंतर चालणं.

आहाराचं जमलंय. चहातली साखर बंद, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, आधी कोशिंबीर, मग उसळ-भाकरी. एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा तिने सोडली, याचं मला फार कौतुक वाटतं.

अडलंय ते चालण्यापाशी. पाच मिनिटांत गुडघे दुखतात, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सध्या ती खुर्चीत बसून टाचा उचलते, पण ते पुरेसं आहे का कळत नाही. ग्लुकोमीटर घरी आहे.

गुडघ्यांवर भार न देता जेवणानंतर कोणता व्यायाम, किती वेळ केल्यावर तुमच्या घरी दोन तासांनंतरची साखर खरंच कमी दिसली?